आलेखाच्या माथ्यावरील ओळ
शेअर बाजाराच्या आलेखांना शीर्षके व नावपट्ट्या कशा द्याव्यात

सात-बाराचा उतारा हाती घेताच जाणत्या माणसाची दृष्टी प्रथम माथ्याकडे जाते. गाव कोणते, तालुका कोणता, गट क्रमांक किती, या गोष्टी तेथे नसतील तर खालच्या रकान्यांत कितीही काळजीपूर्वक नोंदी केलेल्या असोत, तो कागद कोणत्याही कचेरीत चालत नाही. शेअर बाजारातील भावांच्या आलेखाचेही असेच आहे. पडद्यावरील वळणे कितीही आकर्षक असली तरी ती कोणाची, केव्हाची आणि कशी काढलेली, हे सांगणारी ओळ नसेल तर त्या आलेखावरून काहीच सिद्ध होत नाही.

हा विषय दलालांच्या पेढ्यांपुरता राहिलेला नाही. बाजाराचे आलेख आज भ्रमणध्वनीवर गावोगाव पोहोचतात. एका तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त शिक्षकांनी मला असेच एक चित्र दाखविले. हिरवी रेषा चढत गेलेली, तिच्याखाली दुसरी एक जाड रेषा आणि माथ्यावर ‘जबरदस्त तेजी’ असे दोनच शब्द. कंपनी कोणती, आलेख दिवसांचा की मिनिटांचा, शेवटचा भाव कोणत्या तारखेचा, जाड रेषा कशाची आणि चित्र कोणी काढले, असे पाच प्रश्न आम्ही मांडले. पाचांपैकी एकाचेही उत्तर त्या चित्रावर नव्हते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेचा काही भाग त्यांनी त्या चित्राच्या भरवशावर आधीच गुंतविला होता.

यास्तव आलेखाचे शीर्षक व निर्देशकांच्या नावपट्ट्या या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीचा थोडा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे आहे. आलेख काढणाऱ्यास तो उपयोगी पडेलच. पण नुसता पाहणाऱ्यासही आलेखाला काय विचारावयाचे ते त्यातून कळेल.

शीर्षकात काय असावे

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घ्यावा. ‘निर्देशांक’ म्हणजे अनेक कंपन्यांच्या भावांवरून काढलेला एक आकडा, उदाहरणार्थ, सेन्सेक्स. ‘निर्देशक’ म्हणजे भावांवर काही गणित करून आलेखावर काढलेली रेषा. उदाहरणार्थ, चल सरासरी. निर्देशांकाचे व भावाचे नाव शीर्षकात येते, तर निर्देशकाचे नाव नावपट्टीत येते.

शीर्षकातील पहिली बाब म्हणजे कशाचा आलेख आणि कोणत्या बाजारातील. मुंबई शेअर बाजाराची परंपरा १८७५ पासूनची आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराची स्थापना १९९२ मध्ये झाली. एकाच कंपनीच्या भागांची खरेदी-विक्री दोन्हीकडे होते. भाव बहुधा जवळपास असले तरी उलाढालीचे आकडे मात्र फार भिन्न असतात. बाजाराचे नाव न लिहिता उलाढाल दाखविणे म्हणजे बाजार समितीचे नाव न सांगता कांद्याची आवक सांगण्यासारखे आहे.

कंपनीच्या नावाचीही दक्षता घ्यावी लागते. गोव्यातील लोहखनिजामुळे परिचित असलेली सेसा गोवा ही कंपनी २०१३ मध्ये विलीनीकरणानंतर सेसा स्टरलाइट झाली आणि २०१५ मध्ये तिचे नाव वेदान्त लिमिटेड असे झाले. सॉफ्टवेअर माथ्यावर सहसा आजचे नाव देते आणि त्याखाली २००५ सालचेही भाव दाखविते. जुन्या काळाचा अभ्यास करावयाचा असेल तर शीर्षकात पूर्वीचे नावही नमूद करावे.

दुसरी बाब अंतराची. आलेखावरील प्रत्येक उभी दांडी, जिला बाजारात कँडल म्हणतात, ती एका दिवसाची आहे, आठवड्याची आहे की पाच मिनिटांची, हे शीर्षकात आलेच पाहिजे. तिसरी बाब तारखेची. तारीख म्हणजे चित्र पाठविल्याची तारीख नव्हे; शीर्षकात छापलेला भाव ज्या दिवसाचा आहे ती तारीख.

चौथी बाब म्हणजे भाव समायोजित आहेत की नाहीत. कंपनीने एकास एक प्रमाणात बक्षीस समभाग दिले की भागांची संख्या दुप्पट होते व भाव सुमारे निम्म्यावर येतो. रिलायन्स इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे समभाग दिले. एच.डी.एफ.सी. बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये दोन रुपये दर्शनी मूल्याच्या भागाचे एक रुपयाचे दोन भाग केले. अशा दिवशी मूळ भावांचा आलेख कड्यावरून कोसळल्यासारखा दिसतो. भागधारकाचे मात्र त्या कारणाने काहीच नुकसान झालेले नसते. जुने भाव त्याच प्रमाणात घटवून काढलेल्या आलेखात हा कडा दिसत नाही. दोन्ही आलेख आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ‘समायोजित’ किंवा ‘मूळ भाव’ हा शब्द माथ्यावर नसेल तर पाहणारा फसतो.

पाचवी बाब मोजपट्टीची. २८ एप्रिल १९९२ रोजी, रोखे घोटाळा उघडकीस आल्यानंतर, सेन्सेक्स ५७० अंशांनी घसरला. ४ जून २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी, तो सुमारे ४,३९० अंशांनी घसरला. साध्या मोजपट्टीवर दुसरी घसरण पहिलीच्या साडेसातपटीहून उंच दिसते आणि १९९२ ची घसरण शोधूनही सापडत नाही. टक्क्यांत मात्र चित्र उलटते. १९९२ ची घसरण १२.७७ टक्के होती आणि २०२४ ची ५.७४ टक्के. समान टक्क्यांना समान उंची देणाऱ्या मोजपट्टीस लघुगणकी मोजपट्टी म्हणतात. दीर्घ काळाच्या आलेखास तीच योग्य होय. कोणती मोजपट्टी वापरली हे शीर्षकाखाली लिहावे आणि बदलाचा आकडा अंशांबरोबर टक्क्यांतही द्यावा.

या पाच बाबी धरून तयार झालेले शीर्षक असे दिसेल : ‘सेन्सेक्स, मुंबई शेअर बाजार, दैनिक, ४ जून २०२४, बंद ७२,०७९.०५, बदल उणे ५.७४ टक्के, लघुगणकी मोजपट्टी’. येथे भावांच्या समायोजनाची बाब निर्देशांकाला लागू नाही, म्हणून ती गाळली आहे. त्याऐवजी ‘आधारवर्ष १९७८-७९ = १००’ हे शब्द जोडल्यास विद्यार्थ्यास ७२,०७९ या आकड्याचा अर्थ कळण्यास साहाय्य होईल.

नावपट्टीत काय असावे

आता निर्देशकांकडे वळू. नुसते ‘सरासरी’ एवढे नाव किती अपुरे आहे, हे एका लहान उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एखाद्या भागाचे पाच दिवसांचे बंद भाव अनुक्रमे १००, १०२, १०१, १०५ व १०७ रुपये आहेत. पाच दिवसांची साधी सरासरी १०३ येते. शेवटच्या तीन दिवसांचीच घेतली तर ती १०४.३३ होते. घातांकी चल सरासरीत अलीकडील भावास अधिक वजन असते. पाच दिवसांच्या घातांकी सरासरीत प्रत्येक दिवशी मागील सरासरी आणि आजचा भाव यांतील फरकाचा एक-तृतीयांश भाग मागील सरासरीत मिळवितात. पहिल्या दिवसाच्या १०० पासून आरंभ केल्यास पाचव्या दिवशी १०३.७९ हे उत्तर येते.

भाव तेच आणि दिवस तेच असूनही तीन उत्तरे आली आणि तिन्ही बरोबर आहेत. म्हणून नावपट्टीत सरासरीचा प्रकार, कालावधी आणि कोणता भाव घेतला, या तीन गोष्टी असाव्यात : ‘साधी चल सरासरी, बंद भाव, ५’. शिक्षकांनी हे उदाहरण आठवीच्या पुढील वर्गात फळ्यावर सोडवून घेण्यास हरकत नाही.

बाजारात आर.एस.आय. या नावाने ओळखला जाणारा सापेक्ष बल निर्देशक वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकात मांडला. त्याचे मूल्य ० ते १०० यांच्या दरम्यान असते. वाइल्डर यांनी १४ हा कालावधी घेतला होता आणि ७० व ३० या पातळ्या सूचक मानल्या होत्या. कालावधी १४ ऐवजी ९ केला की तीच रेषा अधिक अस्थिर होते व या पातळ्या वारंवार ओलांडते. ‘आर.एस.आय. ७० च्या वर गेला’ असे कोणी सांगितले तर कोणत्या कालावधीचा, हा पहिला प्रश्न विचारावा. ‘१४’ हा आकडा नावपट्टीतून गाळणाऱ्याने जवळजवळ काहीच सांगितलेले नसते.

हाताने लिहिलेले नाव व सूत्रातून आलेले नाव

येथवरची चर्चा कागदावरील आलेखासही लागू आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक नवा धोका निर्माण होतो. तेथे आलेख क्षणात बदलतो. पण हाताने टंकलेले नाव बदलत नाही.

वर्गासाठी आलेख तयार करताना माझ्याच हातून ही चूक झाली. वीस दिवसांच्या सरासरीची रेषा काढून तिला मी ‘२० दिवस’ असे नाव टंकले होते. पुढे तुलनेसाठी कालावधी ५० केला. रेषा बदलली, नाव तसेच राहिले. तो आलेख वर्गात दाखवीत असता एका ग्रामपंचायत सदस्याने विचारले, “साहेब, वीस दिवसांची रेषा भावापासून इतकी लांब कशी राहील?” शंका रास्त होती. रेषा पन्नास दिवसांची होती.

याहून फसवी चूक अंतर बदलताना होते. राष्ट्रीय शेअर बाजारातील भागांचे नेहमीचे व्यवहार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० पर्यंत, म्हणजे ३७५ मिनिटे चालतात. दैनिक आलेखावर २० कालावधीची सरासरी म्हणजे बाजाराचे वीस दिवस, सुमारे एक महिना. तोच आलेख पाच मिनिटांचा केला की वीस दांड्या म्हणजे शंभर मिनिटे होतात. दिवसाचा तिसरा हिस्साही नव्हे. नावपट्टीवर ‘२० दिवस’ हे शब्द टंकलेले असतील तर ते त्या क्षणापासून असत्य ठरतात, आणि आलेख काढणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

यावरील उपाय एकच आहे. नाव हाताने न लिहिता, ज्या आकड्याने गणित होते त्याच आकड्यातून ते तयार व्हावे.

अ‍ॅमिब्रोकर या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय उत्तम आहे. तेथे प्रत्येक आलेखामागे रोमन लिपीत लिहिलेले एक सूत्र असते. आलेखावर उजवी कळ दाबून ते सूत्र संपादनासाठी उघडता येते. रेषा काढण्याच्या ‘प्लॉट’ या आज्ञेत दुसऱ्या स्थानी अवतरणचिन्हांत रेषेचे नाव द्यावयाचे असते. सॉफ्टवेअर ही सर्व नावे व त्यांची मूल्ये जोडून आलेखाच्या माथ्यावर आपोआप छापते. तेथे ‘२०’ असे टंकू नये. कालावधी ‘पॅरम’ या आज्ञेने एका चलात घ्यावा, सरासरी त्याच चलावरून काढावी आणि नावातही तोच चल अक्षरांत रूपांतरित करून जोडावा. त्यानंतर पॅरामीटरच्या खिडकीत २० चे ५० केले की रेषा आणि नाव दोन्ही एकाच वेळी बदलतात. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या तयार सूत्रांत ‘डिफॉल्ट नेम’ ही आज्ञा हेच काम करते. ती पुसून तेथे आपले शब्द टंकण्याचा मोह टाळावा.

संपूर्ण शीर्षक स्वतः बांधावयाचे असल्यास ‘टायटल’ या राखीव चलास मजकूर द्यावा. या मजकुरात दुहेरी महिरपी कंसांत ‘नेम’, ‘इंटरव्हल’, ‘डेट’ व ‘व्हॅल्यूज’ हे शब्द लिहिले की त्या त्या जागी भागाचे नाव, अंतर, तारीख आणि रेषांची मूल्ये सॉफ्टवेअर स्वतः भरते. भागाऐवजी दुसरा भाग निवडला किंवा दैनिकाचे साप्ताहिक केले तरी शीर्षक खरेच राहते. मूल्यांचे दशांश किती दाखवावयाचे हेही ठरविता येते. भावास दोन दशांश स्थळे पुरेशी असतात. एखादी रेषा केवळ सजावटीची असेल तर तिला ‘स्टाइल नो टायटल’ ही खूण द्यावी, म्हणजे ती शीर्षकात गर्दी करणार नाही.

येथे दोन गोष्टींबाबत सावध राहावे. एक, आलेखात नवीन सूत्र जोडताना ‘टायटल’ला पुन्हा नवा मजकूर दिला तर आधीचे शीर्षक पुसले जाते; म्हणून नवा मजकूर जुन्यास जोडून द्यावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शीर्षकातील मूल्ये नेहमी शेवटच्या दिवसाची असतात असे नव्हे. वापरणाऱ्याने आलेखावर जेथे निवडीची उभी रेषा ठेवली असेल त्या दिवसाची मूल्ये तेथे दिसतात. ती रेषा मागील वर्षीच्या शिखरावर राहिली आणि तसेच चित्र घेतले, तर माथ्यावर मागील वर्षीचा भाव छापला जातो. शीर्षकात तारीख असेल तर हे तत्काळ उघड होते. नसेल तर शिळा भाव ताजा म्हणून खपतो.

ट्रेडिंगव्ह्यू या संकेतस्थळावर रचना थोडी निराळी आहे. तेथे आलेखाच्या डाव्या कोपऱ्यात भागाचे नाव, भाव आणि निर्देशकांची नावे यांची एक ओळ असते. सेटिंगमधील ‘स्टेटस लाइन’ या भागात त्यांतील काय दाखवावयाचे व काय लपवावयाचे ते ठरते. निर्देशकाच्या नावापुढील कालावधी वगैरे आकडे दाखविण्याचा पर्याय तेथे असतो. पडदा मोकळा दिसावा म्हणून अनेक जण तो बंद करतात. तो चालू ठेवावा. स्वतःचे निर्देशक ‘पाइन’ भाषेत लिहिणाऱ्यांनी एक मर्यादा जाणून घ्यावी. तेथे रेषेचे नाव स्थिर मजकूरच असावे लागते. त्यात बदलता आकडा घालता येत नाही. म्हणून नावात ‘२०’ हा आकडा घालूच नये. ‘साधी चल सरासरी’ एवढेच लिहावे आणि आकडा पुढील कंसात सॉफ्टवेअरला दाखवू द्यावा.

रंग व छायाप्रत

नावपट्टीचा आणि रेषेचा रंग एकच ठेवल्यास वाचकाची सोय होते. तथापि केवळ रंगावर विसंबू नये. कचेरीत आलेखाची छायाप्रत निघते तेव्हा तांबडी व हिरवी रेषा सारखीच करडी होते. तांबडा व हिरवा हा भेद न कळणारी माणसेही समाजात थोडी नाहीत. यासाठी एक रेषा जाड, दुसरी तुटक ठेवावी आणि शक्य तेथे रेषेच्या उजव्या टोकाशीच तिचे नाव लिहावे. नावे संक्षिप्त करावीत; पण नाव आखूड करताना आधी विशेषणे काढावीत, आकडे काढू नयेत. ‘जबरदस्त’ हा शब्द गेल्याने काही बिघडत नाही. ‘१४’ गेल्याने बिघडते.

कचेरीतील व शाळेतील उपयोग

ही शिस्त बाजाराच्या आलेखांपुरती मर्यादित नाही. पंचायतीच्या बैठकीत पर्जन्यमानाचा किंवा करवसुलीचा आलेख मांडताना एक्सेलमध्ये शीर्षक हाताने टंकले जाते व पुढील वर्षी नवे आकडे भरले तरी माथ्यावर जुनेच वर्ष राहते. हे टाळणे सोपे आहे. ठिकाण, कालावधी व एकक एका कक्षात लिहावे. मग आलेखाचे शीर्षक निवडून सूत्रपट्टीत बरोबरचे चिन्ह टंकावे व त्या कक्षावर टिचकी मारून एंटर कळ दाबावी. त्यानंतर कक्ष बदलला की शीर्षक बदलते.

शासकीय कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट स्मरणात ठेवावी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्यास शेअर व रोख्यांत सट्टा करण्यास मनाई असून वारंवार केलेली खरेदी-विक्री सट्टा समजली जाते. आलेख समजून घेणे निराळे आणि पाच मिनिटांच्या आलेखामागे धावणे निराळे.

पाहणाऱ्याचे पाच प्रश्न

शेवटी, जो आलेख काढीत नाही, केवळ पाहतो, त्याच्यासाठी सार एवढेच : कशाचा व कोणत्या बाजारातील? दांडी किती वेळाची? भाव कोणत्या तारखेचा? रेषा कोणत्या गणिताची व किती कालावधीची? आणि आलेख कोणी काढला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘सल्लागार’ असे असेल तर त्याची नोंदणी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, म्हणजे सेबी, हिच्याकडे आहे का, ते सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते. नोंदणी असणे ही नफ्याची हमी नव्हे. पण तक्रार करावयाची वेळ आली तर समोर जबाबदार माणूस कोण, हे तीवरून कळते.

पूर्ण शीर्षकाचा आलेखही उद्याचा भाव सांगत नाही. तो फक्त काल काय घडले ते नावानिशी व तारखेनिशी सांगतो. वर्ग संपल्यावर त्या निवृत्त शिक्षकांनी पाचही प्रश्न आपल्या वहीत उतरवून घेतले आणि चित्र पाठविणाऱ्यास ते जसेच्या तसे विचारले. उत्तरादाखल त्यांना आणखी एक चित्र आले. त्याच्याही माथ्यावर ना नाव होते, ना तारीख. उरलेली रक्कम त्यांनी गुंतविली नाही.